स्थिर चित्रातील गती : युरोपातील एकासनी मोटारशर्यतींची छायाचित्रे (१९३४–१९३९)

'त्याने हात वर केला' आणि 'तो हात वर करीत होता' ही दोन्ही वाक्ये भूतकाळाचीच आहेत. तथापि पहिल्या वाक्यातील क्रिया पूर्ण झालेली आहे, दुसऱ्यातील अपूर्ण आहे. हा भेद मराठी क्रियापद अनायासे दाखविते. छायाचित्रापाशी मात्र क्रियापद नसते. एका सेकंदाच्या अल्पशा अंशात जे समोर होते तेवढेच त्यात उमटते. मग अशा चित्रात गती कशी दिसते, आणि त्या चित्राला पुरावा म्हणून कितपत मानावे? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार युरोपातील ग्रां प्री शर्यतींच्या १९३४ ते १९३९ या कालखंडाच्या आधारे करावयाचा आहे.

हा कालखंड निवडण्यास कारण आहे. पूर्वी शर्यतीच्या मोटारीत चालकाशेजारी यंत्रज्ञही बसत असे. १९२०च्या दशकात ती प्रथा बंद झाली आणि १९३२ मध्ये आल्फा रोमेओ कंपनीने खऱ्या अर्थाने एकासनी अशी ग्रां प्री मोटार आणली. १९३४ पासून नवा नियम लागू झाला : चालक, इंधन, तेल, पाणी व टायर वगळता मोटारीचे वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. वजन मर्यादित केले म्हणजे वेगही मर्यादित होईल, अशी नियमकर्त्यांची अपेक्षा होती. घडले ते उलटेच. मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी, सरकारी अर्थसाहाय्याचा आधार घेऊन, हलक्या सांगाड्यात प्रचंड शक्तीची एंजिने बसविली. १९३७ च्या मर्सिडीजचे एंजिन साडेपाच लिटरहून मोठे असून त्याची शक्ती साडेपाचशे अश्वशक्तीच्याही पुढे गेली होती. म्हणून १९३८ पासून एंजिनाच्या आकारमानावरच मर्यादा घालण्यात आली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटन व फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, बेलग्रेड येथे या पर्वातील अखेरची शर्यत झाली. या सहा वर्षांस पुष्कळ लेखक सुवर्णयुग म्हणतात. ते विशेषण स्वीकारण्यापूर्वी छायाचित्रे काय सांगतात हे पाहणे इष्ट ठरेल.

प्रथम गणिताचा भाग. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला ५० मीटर अंतर कापते. कॅमेऱ्याचे शटर १/२५० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात ती २० सेंटिमीटर पुढे सरकते. १/१००० सेकंद उघडे राहिले तरी ५ सेंटिमीटर सरकतेच. १९३२ च्या कॉन्टॅक्स आणि १९३५ च्या नव्या लायका या छोट्या कॅमेऱ्यांत १/१००० सेकंदाची सोय होती. पण त्या वेळच्या फिल्मची प्रकाशग्राहकता कमी असल्यामुळे ती स्वच्छ उन्हातच उपयोगी पडे. यावर छायाचित्रकारांचा उपाय असा, की कॅमेरा स्थिर न ठेवता मोटारीच्या रोखाने तिच्याबरोबर फिरवावयाचा. असे केले म्हणजे मोटार स्पष्ट येते आणि पार्श्वभूमीच्या आडव्या रेघा होतात.

चाकाचे उदाहरण येथे फार बोधप्रद आहे. न घसरता धावणाऱ्या चाकाचा जमिनीस टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, आणि सर्वांत वरचा बिंदू मोटारीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून स्थिर कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट दिसतात. कॅमेरा मोटारीबरोबर फिरविला असेल तर तुंबा स्पष्ट राहून भोवतालची धाव सर्वत्र सारखीच पुसट होते. म्हणजे केवळ चाकाकडे पाहून कॅमेरा स्थिर होता की फिरत होता हे ओळखता येते. गतीचे हे एक व्याकरणच होय, आणि त्याचे नियम जाणणाऱ्यालाच चित्र नीट वाचता येते.

याच व्याकरणातील एक प्रसिद्ध अपवाद म्हणजे झाक-आन्री लार्तीग याने महायुद्धापूर्वी फ्रान्समध्ये काढलेले छायाचित्र. त्यातील मोटार एकासनी नाही, परंतु पुढील शर्यतचित्रांची परंपरा त्याच्याशी जोडली जाते. त्यात चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकले आहे, तर रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे कललेले दिसतात. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे प्रकाशग्राही पृष्ठभागासमोरून सरकणारी एक फट होती. दृश्याचा खालचा भाग आधी नोंदला गेला आणि वरचा नंतर; तेवढ्या अवधीत मोटार पुढे गेली म्हणून चाक पुढे झुकले. लार्तीग कॅमेरा फिरवीत होता, पण मोटारीपेक्षा मंद गतीने. म्हणून मोटार चौकटीत पुढे आणि प्रेक्षक मागे सरकले. ज्याला आपण विकृती म्हणतो तीच येथे कालाची नोंद आहे. याच चित्राखाली दीर्घकाळ 'डलाज' हे मोटारीचे नाव आणि १९१२ हे वर्ष छापले जात असे. पुढे अभ्यासकांनी ती श्नायडर कंपनीची मोटार असून शर्यत १९१३ ची असावी असा निष्कर्ष काढला. चित्र तेच राहिले. चुकले होते ते त्याखालचे वाक्य.

चित्र आणि वाक्य यांच्या या संबंधाचे दुसरे उदाहरण आपल्या कालखंडाच्या आरंभीचे आहे. त्या काळी मोटारीचा रंग देशावरून ठरे : इटलीचा तांबडा, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा, जर्मनीचा पांढरा. जून १९३४ मध्ये न्यूरबुर्गरिंग येथील आयफेल शर्यतीपूर्वी मर्सिडीज मोटारींचे वजन मर्यादेहून एक किलोग्रॅम अधिक भरले, म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडून काढला आणि खालची धातूची चंदेरी कांती उघडी पडली, अशी कथा संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी १९५८ च्या आपल्या आठवणींत सांगितली. 'रुपेरी बाण' या नावाची ही उत्पत्तिकथा सर्वत्र रूढ झाली. तथापि इतिहासकारांनी दाखविले आहे, की ती विशिष्ट शर्यत मुक्त नियमांनी झाली होती. म्हणजे ७५० किलोग्रॅमची अट तेथे लागूच नव्हती. शिवाय १९३२ मध्ये बर्लिनजवळच्या आव्हुस मार्गावर फोन ब्राउखिच याने जी मर्सिडीज चालविली, तिचा सांगाडाही रंगाविना चंदेरीच होता.

अशा वादात कृष्णधवल छायाचित्राचा उपयोग होईल काय? होईल, पण जपून. अशा फिल्मवर रंग उमटत नाहीत, केवळ उजेडाच्या छटा उमटतात; आणि जुन्या प्रकारची फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ दाद देत नसल्यामुळे तीवर इटालियन मोटार काळपट दिसे. पांढरा व चंदेरी हे दोन्ही रंग तर फिकेच. भेद शोधावयाचा तो छटेत नव्हे, चकाकीत : पांढरा लेप प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरतो, उघडा धातू मात्र भोवतालच्या वस्तूंचे प्रतिबिंब व तीव्र कवडसे दाखवितो. अर्थात, मोटार शर्यतीच्या दिवशी चंदेरी होती एवढेच चित्र सांगेल. ती रात्री कोणी खरवडली हे सांगणार नाही. कारण सांगणे हे भाषेचे काम आहे, आणि खोटे कारण सांगण्याची सोयही भाषेतच आहे.

चित्र काढणारा कोण होता, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. झोल्टान ग्लास (१९०३–१९८१) हा बुडापेस्ट येथे जन्मलेला ज्यू छायाचित्रकार बर्लिनमध्ये काम करी. मर्सिडीज-बेंझ ही त्याची एक ग्राहक कंपनी होती. जर्मन मोटारींची तेजस्वी प्रतिमा घडविणाऱ्या चित्रांत त्याच्या चित्रांचा मोठा वाटा आहे. त्याच वेळी १९३३ च्या संपादकविषयक कायद्याने ज्यू लोकांना वृत्तपत्रव्यवसायातून बाहेर काढले जात होते. ज्या राज्याच्या वैभवाची चित्रे त्याने काढली त्या राज्यात त्याला स्थान उरले नाही; १९३८ मध्ये तो इंग्लंडला गेला. त्याचा संग्रह आज ब्रॅडफर्डच्या विज्ञान व माध्यम संग्रहालयात आहे. चित्रांत ही हकीकत कोठेही दिसत नाही. कॅमेऱ्यामागे कोण होते हे कॅमेरा नोंदवीत नाही.

याउलट, प्रचाराला जे दाखवावयाचे नव्हते तेही भिंगाने टिपले आहे. चालकांच्या डोक्यावर पातळ कापडी टोपी, अंगाभोवती पट्टा नाही, आणि अनेक ठिकाणी मार्गाच्या कडेला कठड्याविना उभी असलेली गर्दी. बेर्न्ड रोझमायर २८ जानेवारी १९३८ रोजी विक्रमाच्या प्रयत्नात मरण पावला. रिचर्ड सीमन २५ जून १९३९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे झालेल्या अपघातानंतर दगावला. 'सुवर्णयुग' या शब्दात ही नावे मावत नाहीत. चित्रांतील कापडी टोपीत मात्र त्यांचे स्पष्टीकरण आहे.

सीमनच्या उल्लेखाने आपण आरंभीच्या वाक्यांकडे येतो. हा इंग्रज चालक मर्सिडीज संघात होता. २४ जुलै १९३८ रोजी त्याने जर्मन ग्रां प्री जिंकली आणि विजयसमारंभात नाझी पद्धतीने हात वर केला. हात पूर्ण ताणलेला नव्हता, म्हणून ती वंदना अनिच्छेची होती, असे अनेकांनी म्हटले आहे. परंतु अर्धवट उंचावलेल्या हाताच्या एकाच चित्रावरून तो वर जात होता, तेथेच थांबला होता की खाली येत होता, हे ठरविता येत नाही. 'केला' की 'करीत होता', याचे उत्तर एका चित्रात नाही. ते आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत असते. लायकाच्या एका फिल्मवर ३६ चित्रे येत; वृत्तपत्रात त्यांतील एखादेच छापले जाई. म्हणून अभ्यासकाच्या दृष्टीने छापलेल्या चित्रापेक्षा निगेटिव्हांचा अखंड पट्टा अधिक मोलाचा होय. एका माणसाच्या निष्ठेविषयी निर्णय द्यावयाचा असेल तर तो पट्टा पाहिल्यावाचून देऊ नये.

सारांश, शर्यतीचे छायाचित्र वाचताना तीन गोष्टी पृथक् ठेवाव्यात : शटर व फिल्म यांनी घडविलेले रूप, त्या क्षणी खरोखर समोर असलेली वस्तू, आणि चित्राखाली नंतर लिहिलेले वाक्य. पहिलीचे नियम भौतिकशास्त्र सांगते, दुसरी चित्रातून काढावयाची असते, आणि तिसरी कोणत्याही लेखी साधनाप्रमाणे तपासून घ्यावयाची असते. या तिहींची गल्लत झाली म्हणजे दंतकथा इतिहास म्हणून रूढ होतात, आणि चित्र त्यांचा साक्षीदार म्हणून विनाकारण उभे केले जाते.