शनिवारी गड, रविवारी समुद्र, सोमवारी सगळे घरी

दिवाळी सरून थंडी पडू लागली की आमच्या कामथडीच्या हायवेवर शनिवारी पहाटेपासून गाड्यांची वर्दळ वाढते. पुण्याकडून आलेली पोरं चेलाडी फाट्यावरून नसरापूर, वेल्ह्याकडे वळतात आणि राजगड, तोरणा गाठतात. काही गाड्या कापूरहोळवरून भोरला जातात, वरंधा घाट उतरतात आणि महाडमार्गे समुद्रावर पोहोचतात. शनिवारी गड आणि रविवारी समुद्र, असा दोन दिवसांचा बेतही आता बरेच जण करतात. मोबाइलवर पैसे भरायचे आणि ओळखपाळख नसलेल्या पंधरा-वीस जणांसोबत निघायचे.

या गाड्यांमधून आपल्या वस्त्यांतली मुलंमुलीही जाऊ लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. कंपनीत, मॉलमध्ये, पार्सल पोचवण्याच्या कामात सहा दिवस राबणाऱ्या शरीराला मोकळी हवा, चालणे आणि नवी माणसे मिळाली तर ती काही चैन नव्हे. ‘कशाला हिंडायला जायचं’ म्हणून घरच्यांनी, विशेषतः मुलींना, अडवू नये. मात्र काही गोष्टी घरातून निघण्याआधीच ठरवून घ्याव्यात.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. गडाची भीती सगळ्यांना वाटते, समुद्राची फारशी कुणाला वाटत नाही. गडावर माणूस दमला तर बसतो, कुणीतरी हात देते. समुद्र एवढा वेळ देत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका कॉलेजची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेली होती. त्या दुपारी १४ विद्यार्थी समुद्रात बुडून गेले. ती सगळी विशीच्या आसपासची, धडधाकट मुले होती. अंगात ताकद असणे वेगळे आणि पाण्याची माहिती असणे वेगळे.

निघण्याआधी

सहल काढणाऱ्याला चार प्रश्न विचारा. सोबत किती जण आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे किती? प्रथमोपचार कुणाला येतो? रात्रभर गाडी चालवणारा ड्रायव्हर दिवसा झोपणार आहे का? समुद्रात कुठे आणि किती वेळ उतरणार? सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे भरू नका.

बीपी, शुगर, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर तो लपवू नका. आपल्या डॉक्टरांना विचारून जा आणि गटातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. औषधे दोन दिवसांपेक्षा जास्त घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. शुगरच्या माणसाने खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मुलींनो, जिना चढताना धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आपल्या बायकांत रक्त कमी असणे फार आहे आणि गडाच्या चढावर ते लगेच जाणवते. पाळी आली म्हणून जायचे टाळू नका. पॅड किंवा स्वच्छ कापड, कागद आणि एक जास्तीची पिशवी सोबत घ्या.

गडावर

राजगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरपेक्षा उंच आहे. गुंजवण्यातून चोर दरवाजाने जाणारी वाट उभी आहे, शेवटी कातळावर रेलिंग धरून चढावे लागते. पालीची वाट लांबची, पण पायऱ्यांची आणि सोपी. पहिल्यांदा जाणाऱ्याने, चाळिशी ओलांडलेल्याने पालीकडूनच जावे. चप्पल नको, पकड असलेला बूट हवा.

माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे प्या. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाका. इथे चमचा चहाचा धरायचा. कुणी उन्हात बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

गडाच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. अत्तर, सेंट, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर तोंड झाकून तिथून लांब पळा. साप चावला तर जखम कापू नका, तोंडाने ओढू नका, दोरी आवळून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि माणसाला उचलून सरकारी रुग्णालयात न्या. भोरला आणि वेल्ह्यालाही सरकारी रुग्णालय आहे. सापाच्या विषावरची लस रुग्णालयातच मिळते, मांत्रिकाकडे नाही.

शनिवारी गड चढलात तर त्या रात्री सात तास झोपा. जागरण करून, आखडलेल्या पायांनी सकाळी समुद्रात उतरणे धोक्याचे आहे.

वाटेतले महाड

वरंधा घाट उतरल्यावर महाड लागते. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बऱ्याचदा बंद असतो, म्हणून आधी चौकशी करा. महाडला आपली गाडी चवदार तळ्यावर थांबतेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तिथे पाणी प्यायले. मला तिथे दरवेळी एक विचार येतो. गावातली मुले पोहायला शिकायची ती गावच्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून. ज्या विहिरीला आपल्या आजा-पणज्याला हात लावता येत नव्हता, तिथे तो पोहायला कसा शिकणार? आज विहीर अडवणारा नसेल, तर तलावाची फी अडवते. आपल्या कितीतरी घरांत तीन पिढ्यांत कुणालाच पोहता येत नाही. ही मुले प्रथमच समुद्र बघतात आणि आनंदाने थेट आत धावतात.

समुद्रावर

श्रीवर्धन असो, दिवेआगर असो की हरिहरेश्वर, पहिले पाऊल पाण्यात टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळी माणसाला किंवा जीवरक्षकाला विचारा, ‘दादा, भरती केव्हा, ओहोटी केव्हा, कुठे उतरायचं नाही?’ कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त जोराने उतरते. हा फक्त अंदाज आहे. शेवटचा शब्द तिथल्या माणसाचाच.

पोहता येत नसेल त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. हा नियम गाडीतच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. पायाखालची वाळू सरकायला लागली की मागे फिरा. जोडी लावा, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे बघायचे. दर पंधरा मिनिटांनी मोजणी करा. दारू प्यायलेल्याला पाण्यात सोडू नका, त्याचा राग आला तरी चालेल. खडकावर, खाडीच्या तोंडाशी उतरू नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर लाटा असताना सेल्फीसाठी जाऊ नका.

दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, गढूळ दिसतो. नवख्याला वाटते, इथे पाणी संथ आहे. खरे तर किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच जोराने परत समुद्रात जाते आणि माणसाला सोबत नेते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, चांगला पोहणाराही तिथे थकतो. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढ कमी झाली की मग किनाऱ्याकडे वळा. पोहता येत नसेल तर पाठीवर पडून तरंगायचा प्रयत्न करा आणि एक हात वर करून हाक मारा.

बुडणाऱ्याला वाचवायला मागे उडी घेऊ नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोरी, एकमेकींना गाठी मारलेल्या ओढण्या, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे असेल ते त्याच्याकडे फेका.

बाहेर काढल्यावर

त्याला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. पाठीवर सपाट झोपवा आणि श्वास बघा. श्वास नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने मान मागे करून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा जोरात दाबावे. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. ३० दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. शुद्धीवर आला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी रुग्णालयात न्याच. फुफ्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनी श्वास अडकू शकतो.

आता एक विनंती मंडळांना. १४ एप्रिलच्या वर्गणीतून दरवर्षी दहा मुलामुलींची पोहण्याच्या क्लासची फी भरा. रक्तदान शिबिराच्या दिवशी छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, शिकवणारे भेटतील. भगिनींनो, पोरगी म्हणून तिला तलावावर पाठवायला कचरू नका. बुडताना पाणी मुलगा-मुलगी बघत नाही.