तारखेला रंग कोणता?

प्रतिनिधी

तांबड्या शाईत छापलेला आकडा म्हणजे सुटी, हे मराठी घरात लहान मुलालाही सांगावे लागत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची हीच युक्ती आता कार्यालयांतील संगणकाच्या पडद्यावर आली आहे. मात्र तेथे रंग छापखाना ठरवत नाही, आपल्याला ठरवावा लागतो आणि घोळ होतो तो तिथेच.

प्रोग्रॅमिंगची फारशी जाण नसतानाही नोंदींचा साठा उभारू देणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन्सना 'लो-कोड' म्हणतात. 'फॉरेस्टर' या संस्थेने २०१४ मध्ये हा शब्द रूढ केला. प्रकार मात्र त्याआधीचा. चेन्नईच्या 'झोहो'चे 'क्रिएटर' २००६ मध्येच आले होते. अशा अ‍ॅप्लिकेशनमध्ये तारखेचा रकाना निवडला, की तक्त्यातील नोंदी महिन्याच्या चौकटीत जाऊन बसतात. हाच कॅलेंडर रिपोर्ट.

एखाद्या मंगल कार्यालयाचे उदाहरण घेऊ. पूर्ण पैसे भरलेले आरक्षण हिरवे, पैसे बाकी असलेले पिवळे, रद्द झालेले करडे. हे रंग कर्मचाऱ्याने हाताने निवडायचे ठरवले, तर गर्दीच्या दिवसांत तो विसरणारच. म्हणून रंग सूत्रातून यावा. समारंभाला सात दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील आणि बाकी शून्य नसेल, तर तांबडा, अशी अट घातली, की नोंदीला कोणी हात न लावताही ठरलेल्या दिवशी पिवळी चौकट तांबडी होते. सूत्र आजच्या तारखेशी तुलना करते, एवढेच त्यामागचे गुपित.

अटींचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावा. 'जर-तर'च्या सूत्रात जी अट आधी खरी ठरते, तिचाच रंग लागतो. 'बाकी आहे' ही अट 'रद्द' या अटीच्या वर लिहिली, तर रद्द झालेले आरक्षणही तांबडे दिसेल आणि ज्या घरचे लग्न मोडले, त्याच घरी वसुलीचा फोन जाईल. सूत्रात चूक नाही, संगणकातही बिघाड नाही. पण त्या घरच्यांना हे कोण समजावणार?

याहून फसवी गोष्ट म्हणजे, तारखेचा रकाना रिकामा असलेली नोंद कॅलेंडरवर उमटतच नाही. तिला रंग देणार कसा? अशा नोंदींसाठी साधी यादी वेगळी काढून ठेवावी लागते.

तांबडा आणि हिरवा यांतील फरक न कळणारी माणसेही कार्यालयांत असतात. हा दृष्टिदोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत बराच अधिक आढळतो. माहिती केवळ रंगातून देऊ नये, असे वेबविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. चौकटीतील मजकुरात 'बाकी' किंवा 'रद्द' हा शब्दही येऊ द्यावा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर महिन्याचा कागद काढणाऱ्यांचीही त्याने सोय होते.