एक्स्प्लेनर : इंटरनेट नव्हते तेव्हा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम कसा चालवायचे? जाणून घ्या ‘डोअर’ची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : ‘बँकेतून बोलतोय, हे ॲप डाउनलोड करा आणि त्यात दिसणारा कोड सांगा’, असा फोन आला तर कोड सांगायचा नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण तो कोड दिल्यावर आपण समोरच्याला नेमके काय देतो? हे समजून घ्यायला डायल-अपच्या काळातले एक तंत्र उपयोगी पडते. तेव्हाही लोक दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरचे प्रोग्राम दुरून वापरत. त्या सोयीचे नाव होते ‘डोअर’, म्हणजे दार.

बुलेटिन बोर्ड म्हणजे काय?

एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एक फोन लाइन, एवढ्यावर बुलेटिन बोर्ड चालायचा. दुसऱ्याने आपल्या मोडेमवरून तो नंबर लावायचा, नाव-पासवर्ड द्यायचा आणि निरोप वाचायचे किंवा फाइल घ्यायच्या. पहिला बोर्ड वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू केला.

भारतात ही हौस १९८९-९० च्या सुमारास रुजली. मुंबईत सुचित नंदा यांचा ‘लाइव्ह वायर’, तर बंगळुरूत अतुल चिटणीस यांचा ‘सीआयएक्स’ हे बोर्ड नावाजलेले होते.

औरंगाबादहून किती सोपे होते?

तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईचा बोर्ड लावायचा तर आधी ०२२ फिरवावे लागे, म्हणजे थेट एसटीडी कॉल. त्यात वेग २४०० बिट प्रतिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरे. ८० अक्षरांच्या २५ ओळींचा पूर्ण स्क्रीन, म्हणजे २००० अक्षरे उमटायला आठ सेकंदांहून जास्त वेळ लागे आणि तोवर मीटर पळत राही. १४,४०० च्या मोडेमवर हेच काम दीड सेकंदात व्हायचे.

‘डोअर’ कसे बसवायचे?

बोर्ड चालवणाऱ्याला ‘सिसॉप’ म्हणत. गेम, मतदान किंवा डेटाबेस असा वेगळा प्रोग्राम कॉल करणाऱ्याला वापरू द्यायचा, तर त्याला चार गोष्टी जमवाव्या लागत.

१. चिठ्ठी : डॉसवर एका वेळी एकच प्रोग्राम चाले. त्यामुळे बोर्ड बाजूला होण्याआधी एक छोटी फाइल लिहून ठेवी. तिला ‘ड्रॉप फाइल’ म्हणत. कोण आले आहे, कोणत्या पोर्टवर, किती वेगाने आणि त्याची किती मिनिटे उरली आहेत, हे सगळे त्यात असे. मग बॅच फाइल नवा प्रोग्राम सुरू करी आणि काम संपल्यावर बोर्ड परत आणी.

२. वाट : साधा प्रोग्राम त्याच कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लिहितो. फोनच्या पलीकडच्याला ते दिसणार कसे? डोअरसाठीच लिहिलेले प्रोग्राम मोडेमच्या पोर्टवरच अक्षरे पाठवत. त्यासाठी बहुधा ‘फॉसिल’ नावाचा ड्रायव्हर वापरला जाई. बाकीच्यांसाठी ‘डोअरवे’ हा प्रोग्राम होता. तो स्क्रीनवरचा बदल टिपून फोनवर पाठवी आणि तिकडून आलेली अक्षरे कीबोर्डवरूनच आली आहेत, असे प्रोग्रामला भासवी.

३. राखणदार : मध्येच फोन कटला तर प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसे आणि पुढच्या माणसाला लाइन मिळत नसे. म्हणून ‘वॉचडॉग’ हा प्रोग्राम मोडेमच्या सिग्नलवर नजर ठेवी. सिग्नल गेला की तो कॉम्प्युटर रीबूट करी.

४. कुलूप : हे सर्वांत महत्त्वाचे. त्या काळच्या अनेक प्रोग्राममध्ये ‘डॉसवर जा’ असा पर्याय असायचा. तो उघडा राहिला तर अनोळखी माणूस थेट सी ड्राइव्हवर पोहोचे आणि कोणतीही फाइल पुसू शके. म्हणून तो पर्याय बंद केल्याशिवाय शहाणा सिसॉप दार उघडत नसे.

पुढे काय झाले?

१९९४ मध्ये दूरसंचार खात्याने अशा सेवांसाठी लाखो रुपयांच्या वार्षिक परवाना शुल्काची अट घातली. हौशी चालकांना ती परवडणारी नव्हती, त्यामुळे विरोध झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि बोर्डांचा काळ ओसरू लागला. मात्र सुरुवातीच्या ‘शेल’ खात्यांतही प्रोग्राम निगमच्याच कॉम्प्युटरवर चाले आणि घरी फक्त अक्षरे उमटत. पद्धत तीच होती, फक्त कॉम्प्युटर मोठा झाला.

आज याचा काय संबंध?

सिसॉप पाहुण्याला एका खोलीचे दार उघडून देई, तेही ठरावीक मिनिटांसाठी. रिमोट ॲक्सेस ॲपचा कोड आणि त्यापाठोपाठ मागितलेल्या परवानग्या दिल्या, की पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्याच येतात. ओटीपी, मेसेज, बँकेचे ॲप असे स्क्रीनवरचे सगळे त्याला दिसू शकते. अशा ॲपचा वापर करून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

हे लक्षात ठेवा

- फोनवर कोणी सांगितले म्हणून रिमोट ॲक्सेस ॲप घेऊ नका.
- ओळखीच्या माणसाला ॲक्सेस दिला तरी आधी बँकेचे ॲप बंद करा आणि काम संपेपर्यंत स्क्रीनसमोरून उठू नका.
- काम झाले की परवानग्या काढा आणि ॲप डिलीट करा.
- शंका आली तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

दुसऱ्याला आत घेण्यापूर्वी सिसॉप जे दोन प्रश्न स्वतःला विचारत, तेच आजही विचारायचे आहेत : हा कुठपर्यंत जाऊ शकतो आणि बाहेर कधी पडणार?