रायवळीची मुळे

आरोंद्याच्या बाजूला आंब्याचे झाड दोन रीतींनी होते. एक कोय रुजवून आणि दुसरे कलम बांधून. निसर्गात विविधता कशासाठी हवी, या प्रश्नाचे उत्तर मला या दोन रीतींतच सापडते.

हापूसची कोय पेरली म्हणून हापूस मिळेलच असे नाही. कोयीतला जीव दोन झाडांच्या संयोगातून येतो आणि त्यातले दुसरे झाड कोणते, हे मोहोरावरच्या माश्यांनाच ठाऊक! म्हणून रायवळीची दोन झाडे सारखी नसतात. एक लोणच्याचे, एक रसाचे, तर एखादे नुसते आंबट. कलमाचे तसे नाही. कलम म्हणजे जुन्याच झाडाची फांदी. कोकणात हापूसची झाडे लाखोंनी असली, तरी आनुवंशिक दृष्ट्या ती जवळजवळ एकच झाड होय.

यात चवीची खात्री आहे, तसा धोकाही आहे. आयर्लंडमध्ये गरीब लोक मुख्यतः एकाच जातीच्या बटाट्यावर जगत होते. बटाटाही कंदापासून, म्हणजे कलमासारखाच वाढतो. १८४५ साली करपा आला. एक झाड ज्या रोगाला बळी पडले, त्याला सारीच पडली. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली.

मग नवेपणा येतो कोठून? पेशी आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. ते गरज पाहून होत नाही. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, काहींनी नुकसान होते आणि एखादाच उपयोगी ठरतो. संकरातून हे बदल नव्या रीतीने एकत्र येतात. परिस्थिती पालटली की त्यांतले कोणते टिकायचे ते ठरते. हापूसमध्ये साका होतो. म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका नसलेला 'रत्ना' तयार झाला. तो १९८१ साली प्रसारित झाला. नीलम जपलेला नसता तर संकर कशाशी करणार होते?

विचारांचेही असेच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. दोन विद्या शेजारी आल्या आणि मराठीत वृत्तपत्र हे नवेच झाड रुजले. याउलट, वर्गातल्या साठ जणांनी एकाच गाईडमधले उत्तर लिहिले, तर ती साठ उत्तरे नव्हेत. एका उत्तराची साठ कलमे होत. प्रश्न थोडा फिरवून आला की सगळी एकदम आडवी होतात.

अर्थात प्रत्येक नवा विचार चांगला असतो, असे मी म्हणत नाही. बहुतेक नवे विचार कसोटीला उतरत नाहीत. पण कसोटी लावायला आधी निरनिराळे विचार असावे लागतात. घरात चारचौघांपेक्षा वेगळे बोलणाऱ्याला गप्प करणे आणि बांधावरची रायवळ 'भाव येत नाही' म्हणून तोडणे, ही दोन्ही कामे मला एकाच जातीची वाटतात.

मित्रहो, हापूसचे कलम बांधतात ते रायवळीच्या रोपावर. पेटीत जाणाऱ्या त्या मानाच्या फळाला जमिनीतून पाणी पुरवतात ती मुळे रायवळीचीच असतात.