हैदराबादचा मेसेज वाचला, पण बोटीचा बिल्ज पंप चालू होतोय का?

बंदी उठायला आली की बंदरावर एकच गडबड असते. इंजिनाचं ऑइल बदलून होतं, जाळी शिवून होतात, बर्फ आणि डिझेलचा हिशेब लागतो. पण दोन महिने बोट वर ओढलेली असताना बिल्ज पंपाचं बटण दाबून बघणारे किती? मागच्या हंगामात आपल्याच एका सभासदाने बोट पाण्यात घातल्यावर बटण दाबलं, तर पंप एकदम गप्प. पंप जळला म्हणून त्यांनी नवा आणून बसवला. तोही गप्प! संध्याकाळी वायरमनने शोधलं तेव्हा कळलं की निगेटिव्ह वायर रबराच्या आत कुजून तुटलेली होती, वरून मात्र ठणठणीत दिसत होती. पैसे गेले ते गेले, पण बोट जेट्टीला बांधलेली होती हे नशीब. तीन तास आत गेल्यावर हे झालं असतं तर गोष्ट वेगळी होती.

आता यात हैदराबाद कुठून आलं? मासळी कुठे मिळेल आणि लाटा किती उठतील याचे जे मेसेज आपल्याला येतात, ते हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये तयार होतात. इन्कॉइस म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, १९९९ साली सुरू झालेलं. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, पण आपल्या समुद्राचा अंदाज तिथे बसून काढतात. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी खास छोट्या बोटींसाठी सूचना सुरू केली. ज्या बोटीची रुंदी ७ मीटरपर्यंत आहे, ती कुठल्या भागात उलटण्याचा धोका आहे हे दहा दिवस आधीपर्यंत सांगायचं, असं ते काम. त्यासाठी लाटेची उंची, लाटेचा चढ, लाटा किती दिशांनी येतात आणि वाऱ्याने समुद्र किती झटकन उठतो, हे बघतात.

चांगलीच सोय आहे. पण तुमच्या बोटीच्या तळात किती पाणी साचलंय हे हैदराबादला कसं कळणार? समजा तळात १५ फूट लांब आणि ५ फूट रुंद जागेत फक्त ४ इंच पाणी आहे. वजन करा, ७०० किलोच्या वर भरतं. म्हणजे दहा-बारा माणसं. आणि ही माणसं एका जागी बसत नाहीत. बोट डावीकडे कलली की सगळी डावीकडे धावतात, उजवीकडे कलली की उजवीकडे. जी लाट कोरड्या बोटीला नुसती हलवून जाते, तीच अशा बोटीला आडवी करू शकते. म्हणून लाटांचा मेसेज वाचायचा तसा पंपही बघायचा.

तर पंप चालू होत नाही. पहिलं काम म्हणजे इंजिन रूमचं झाकण उघडा, हवा खेळू द्या. डिझेलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर कुठलीही वायर जोडू नका, ठिणगी नको. मग बटण दाबून कान लावा. मोटर फिरतेय पण पाणी येत नाही, तर दोष जाळीत किंवा पाइपात आहे, तो आजचा विषय नाही. नुसतं गुं-गुं करतोय, फिरत नाही, तर आत काहीतरी अडकलंय. बटण बंद करा, फ्यूज काढा, जाळी खोला. जाळ्याचा दोरा, खवले, प्लॅस्टिकची पिशवी, यातलं काहीतरी पंख्याला गुंडाळलेलं सापडेल. आणि अगदी आवाजच नाही, तर बहुतेक वेळा वीज पंपापर्यंत पोहोचतच नाहीये. पंपाला शिव्या देण्याआधी वायरीमागे लागा.

ऑटो आणि मॅन्युअल, दोन्हीवर लावून बघा. मॅन्युअलवर चालतो आणि ऑटोवर नाही, तर फ्लोट स्विचचा दोष. तो तळातल्या चिखल-तेलात पडलेला असतो, त्यामुळे चिकटतो. हाताने वर उचला, धुवा. तरी काम करत नसेल तर त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून बघा. पंप चालला तर फ्लोट बदलायचा, पंप नाही.

दोन्हीवर गप्प असेल तर बॅटरीपासून सुरुवात. इंजिन बंद करून काही तास झाले असतील तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपलेली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वर ग्रीस लावा. मग फ्यूज. फ्यूज दिसायला चांगला असला तरी त्याचं घर बघा, खारी हवा तिथेच आधी खाते. नवा फ्यूज घातल्यावर परत उडाला तर तिसरा घालू नका, आणि तांब्याची तार तर अजिबात नको. पंप अडकला की तो जास्त करंट ओढतो, फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. तार घातली की वायर तापते. फायबरची बोट, खाली डिझेल, पुढचं सांगायला नको. फ्यूज किती अँपियरचा हवा ते पंपावरच छापलेलं असतं.

आता खरी युक्ती. मल्टीमीटर असला तरी एक टेस्ट लॅम्प करून ठेवा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणि दोन लांब वायरी, बस्स. कुजलेल्या वायरीतला एखादा धागा जरी शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट घेतच नाही म्हणा ना. आपण समजतो वायर चांगली आहे. बल्ब मात्र पावणेदोन अँपियर मागतो. धाग्यातून तेवढा करंट येत नाही, बल्ब मंद लागतो किंवा लागतच नाही. फसवाफसवी नाही.

बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला पकडा, पंपाचं बटण चालू ठेवा, आणि दुसरं टोक फ्यूजच्या आधी, फ्यूजच्या नंतर, स्विचच्या आधी, स्विचच्या नंतर, शेवटी पंपाजवळच्या जोडावर असं लावत जा. जिथे बल्ब विझला, त्याच्या जरासं मागे दोष. सगळीकडे लख्ख लागला तर आता उलटं करा. एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी पंपाकडे येणाऱ्या निगेटिव्ह वायरीच्या टोकाला. नाही लागला, तर आमच्या त्या सभासदासारखी गत. निगेटिव्ह कोणी बघतच नाही! बोटीवर २४ व्होल्ट असतील तर बल्बही २४ चा घ्या.

दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या, तरच पंप काढून पाण्याच्या बादलीत ठेवा आणि फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बॅटरीवर चालवा. शेवटचा जोड बॅटरीपासून लांब करा, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून गॅस निघतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर मोटर उलटी फिरून पाणी नीट फेकत नाही. इथेही गप्प राहिला, तर मात्र पंप गेला. खुशाल नवा आणा.

दुरुस्ती करताना वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. तळात ती टेप एक हंगामही टिकत नाही. जोड पाण्याच्या वर घ्या, थिंबल दाबा, त्यावर गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह चढवा. तांबं आत काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा.

आणि समुद्रातच पंप बंद पडला आणि पाणी चढतंय, तर बल्ब काढून बसायचं नाही. एकाने बादली धरायची, दुसऱ्याने पाणी कुठून येतंय ते शोधायचं. आधी शाफ्टचा ग्लँड आणि इंजिनाला थंड करणाऱ्या पाण्याचा पाइप बघा, पाइप फुटला असेल तर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह बंद करा. पाण्याखाली एका फुटावर एक इंचाचं भोक असेल तर मिनिटाला ४० लिटरपेक्षा जास्त पाणी आत येतं, म्हणजे २०० लिटरचं पिंप पाच मिनिटांच्या आत भरलं. बादली हरतेय असं वाटलं की लगेच व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर किंवा, फोनला रेंज असेल तर, तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा. जीपीएसवरचं ठिकाण, वेळ आणि बोटीवर माणसं किती, हे तीन आधी सांगा. माणूस किंवा बोट वाहत कुठे जाईल हे काढायला हैदराबादच्या इन्कॉइसनेच 'सारट' नावाची सोय केलेली आहे, पण तिलाही शेवटचं ठिकाण आणि वेळ लागते.