मूळव्याधच असेल, दुसरं काय!

पन्नाशीची देखभाल : लेखांक ७

पाचोऱ्याहून जळगावकडे निघा नाहीतर चाळीसगावकडे, गाव सुटता सुटता एखाद्या भिंतीवर ठळक अक्षरात लिहिलेलं दिसतंच : मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन. खाली फोन नंबर. शेवभाजी, ठेचा आणि भरितावर वाढलेल्या आम्हा खान्देशी माणसांना ती जाहिरात घरच्यासारखी वाटते. शौचाला रक्त दिसलं की निदान ओट्यावर बसल्या बसल्या होतं : ‘उष्णता वाढली. तिखट बंद कर, ताक पी.’ माझ्या बायकोच्या भडगावच्या मोठ्या बहिणीनं तर दोन वर्षं ताकावर काढली. आणि बहुतेक वेळा ते ओट्यावरचं निदान बरोबरही निघतं. खरी गोची तिथंच आहे.

मागच्या आठवड्यात आपण रक्तदाबाबद्दल बोललो. काही होत नसतानाच तो मोजायचा असतो, हे त्या लेखाचं सार होतं. आजची तपासणी त्याच जातीची आहे. फक्त दंडाला पट्टा बांधण्याइतकी सभ्य नाही.

सरकारी भेट

माझा मावसभाऊ इंग्लंडात स्लाउला असतो. त्याची पन्नाशी झाली आणि काही दिवसांनी त्याचा फोन आला. “दादा, सरकारनं भेट पाठवलीय. ओळख काय ते.” टपालानं आलेल्या पाकिटात बोटभर प्लॅस्टिकची डबी होती. तिच्या झाकणालाच एक खाचा पाडलेली काडी. ती काडी शौचाला चार ठिकाणी टेकवायची, डबीत परत खोचायची, झाकण कट्टकन लावायचं आणि सोबतच्या पाकिटातून उलट टपाली पाठवून द्यायचं. तिकडे ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी असं पाकीट येतं. जपानमध्ये १९९२ पासून चाळिशी ओलांडलेल्यांसाठी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ही तपासणी दरवर्षी आहे. अमेरिकेत पूर्वी पन्नासाव्या वर्षी सुरुवात करायला सांगत. २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी ते वय ४५ वर आणलं.

आमच्याकडे पोस्टमन असलं काही आणत नाही. मी त्रेपन्न वर्षांचा, ही पन्नाशीला टेकलेली. मी विषय काढला तर ही म्हणाली, “चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुम्हाला?” स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोललो, तर मित्रानं बशी खाली ठेवून विचारलं, “काहीच होत नाही, तर कशाले तपासतो भो?”

आजचा लेख म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर.

न दिसणारं रक्त

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांबीचं. त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि नव्या येतात. इतकी उलाढाल जिथं, तिथं कधीतरी हिशोब चुकणारच. एखाद्या जागी पेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि अंगावर चामखीळ यावी तसा एक कोंब आत उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. बरेच पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. ॲडिनोमा नावाच्या जातीतले काही मात्र हळूहळू वाढत कॅन्सरपर्यंत जातात, आणि त्या प्रवासाला बहुधा दहाएक वर्षं लागतात.

ही दहा वर्षं म्हणजेच आपली संधी. अडचण एवढीच, की या काळात दुखत नाही, खुपत नाही, भूक लागते, झोप येते. फक्त शौच पुढं सरकताना त्या कोंबाला घासलं जातं आणि कधीमधी थोडं रक्त झिरपतं. ते इतकं थोडं, की डोळ्यांना दिसत नाही.

ते शोधायची जुनी रीत मोठी मजेदार होती. वेस्ट इंडीजकडच्या ग्वायकम नावाच्या झाडाचा डिंक लावलेला कागद घ्यायचा, त्यावर शौचाचा पातळ थर द्यायचा आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्त असेल तर कागद निळा होतो. पण हा कागद भोळा. रक्त माणसाचं की कालच्या मटणाच्या रश्श्यातलं, हे त्याला कळत नाही. कच्च्या मुळ्यानंही तो फसू शकतो. म्हणून तपासणीआधी काही दिवस पथ्य पाळावं लागे. आताची डबीतली ‘फिट’ नावाची तपासणी माणसाच्याच हिमोग्लोबिनला ओळखणारी प्रतिद्रव्यं वापरते. आदल्या दिवशी मटण खाल्लं काय आणि मुळा खाल्ला काय, तिला फरक पडत नाही.

एवढ्याशा डबीनं खरंच जीव वाचतात का? अमेरिकेतल्या मिनेसोटात ४६,५५१ लोकांवर याचा अभ्यास झाला, तोही त्या जुन्या भोळ्या कागदावर. १९९३ मध्ये निष्कर्ष आला : दरवर्षी तपासणी केलेल्या गटात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू १३ वर्षांत एक तृतीयांशानं कमी झाले.

दोन डब्या

इथल्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाला तपासणीचं नाव सांगितलं तसा त्यानं आवाज खाली घेतला, जणू मी उधारी मागायला आलो होतो. डब्या मिळाल्या, नमुने मुंबईला जातात म्हणाला.

मराठीत या एका क्रियेला किती आडपडदे आहेत पाहा. परसाकडे, झाड्याला, दिशेला, बाहेर, दोन नंबर. गोदरीच्या जमान्यात अंधारात जायचं आणि मागं वळून पाहायचं नाही. गाव गोदरीमुक्त झालं आणि घरात भांडं आलं, तर पाण्यानं क्षणात सगळं नाहीसं. आयुष्यात ज्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही, त्याच्यापुढे काडी घेऊन बसायचं. देशी भांड्यावर करायचं कसं, हा खरा पेच. त्यावर उपाय साधा : जेवणावळीतला कागदी द्रोण मधोमध ठेवायचा. पाणी लागायच्या आत काडी टेकवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. डबीवर नाव आणि तारीख मात्र न विसरता घालायची.

आठवड्यानं मोबाइलवर दोन रिपोर्ट आले. माझा निगेटिव्ह. हिचा पॉझिटिव्ह.

“बदलले असतील,” ही ताबडतोब म्हणाली. “मूळव्याध तुम्हाला, रक्त माझं कसं?” गेली दहा वर्षं घरातला अधिकृत आजारी मी, इसबगोलचा डबा माझ्या नावाचा. हिला कधी साधी डोकेदुखीही ठाऊक नाही, म्हणजे आम्ही कधी विचारली नाही. पण डब्यांवर नावं हिनंच घातली होती, हिच्याच ठसठशीत अक्षरात.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांना कॅन्सर नसतोच. काहींना पॉलिप सापडतो, काहींना मूळव्याध, काहींना काहीच नाही. पण ही तपासणी दारावरची बेल आहे. वाजली की उठून दार उघडायचं, कुणी नसेल म्हणून बसून राहायचं नाही. आणि दार उघडायचं म्हणजे कोलोनोस्कोपी, दुर्बिणीनं आतडं आतून पाहणं. ‘पुन्हा एकदा शौच तपासू, निगेटिव्ह आलं तर बरं,’ हा मोह आम्हालाही झाला. डॉक्टरांनी तो मोडून काढला : कोंब रोज रक्त सांडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हनं पहिल्या दिवशीचं रक्त पुसलं जात नाही.

भरिताच्या दिवसांत उपास

तारीख मिळाली ती नेमकी डिसेंबरात, भरिताच्या ऐन हंगामात. तीन दिवस आधीपासून बियांचं आणि चोथ्याचं सगळं बंद : भरीत नाही, कळण्याची भाकरी नाही, मेथी, पेरू, शेंगदाणे, तीळ काही नाही. वांग्याची एवढीशी बी आतड्याच्या भिंतीला चिकटून बसते आणि दुर्बिणीची वाट अडवते. चालतं काय, तर मऊ भात, बटाटा, दही. पिकलं केळंही चालतं, हे ऐकून जळगाव जिल्ह्याची अब्रू राहिल्यासारखं वाटलं. आदल्या दिवशी मात्र फक्त आरपार दिसणारं पातळ : नारळपाणी, लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा, वरणावरचं गाळलेलं पाणी.

मग ती पावडर. दोन लिटर पाण्यात कालवायची. निम्मी संध्याकाळी, निम्मी पहाटे, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते आणि सगळं धुऊन काढते. मी घड्याळ घेऊन पेले मोजत होतो. चौथ्या पेल्याला ही म्हणाली, “लग्नातलं उरलेलं सरबत दुसऱ्या दिवशी पाजताय असं वाटतंय.” त्यानंतर रात्रभर तिची ये-जा. पहाटे बाहेर पडणारं नुसतं फिकट पिवळं, स्वच्छ पाणी झालं. तसं झालं की आतडं तयार समजायचं. तसं झालं नाही तर डॉक्टरांना निम्मंच दिसतं आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. संपूर्ण तपासणीतला अवघड भाग हाच, आणि तो घरीच उरकतो. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर मात्र त्यांचं काय करायचं, हे आधीच विचारून ठेवावं.

सकाळी प्रश्न आला जळगावला जायचं कसं. हिनं एकच विचारलं, “एसटीला संडास असतो का?” गाडीनं गेलो. माहेजी, म्हसावद, शिरसोली. प्रत्येक स्टेशनाला मी हिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि ही खिडकीबाहेर.

दवाखान्यात संमतीपत्र वाचून दाखवलं : फार क्वचित आतड्याला छिद्र पडू शकतं, पॉलिप काढला तर रक्त येऊ शकतं. सही झाली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हातातून गुंगीचं औषध. वीसेक मिनिटांनी मला आत बोलावलं. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा दिसत होता, ठरावीक अंतरावर वळ्या. कसारा घाटातून जाताना गाडीच्या दारातून पुढचा बोगदा दिसतो तसा. दुर्बीण आधी थेट शेवटपर्यंत, लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथवर नेतात. खरं बघणं परतीच्या वाटेवर. घाई करायची नाही म्हणून परतीला निदान सहा मिनिटं द्यावीत, असा दंडक आहे.

“हा बघा.” एका वळीच्या आडोशाला मसुराच्या डाळीएवढा दाणा. तारेचं बारीक कडं पुढं आलं, दाण्याच्या मुळाशी आवळलं, आणि दाणा सुटला. ही शांत झोपलेली. तिथल्या अस्तराला ताण आणि फुगणं कळतं, कापणं कळत नाही. दुर्बीण दाराशी आल्यावर डॉक्टर म्हणाले, “आणि ही आतली मूळव्याध. थोडीशीच आहे.”

म्हणजे दोन्ही होतं. एकाच घरात, एकाच वेळी. मूळव्याध असणं हे दुसरं काही नसल्याचं प्रमाणपत्र नव्हे. आपण नेमकं तेच प्रमाणपत्र वर्षानुवर्षं स्वतःला देत आलो आहोत.

दाण्याचा रिपोर्ट आठवड्यानं आला : ॲडिनोमा, कॅन्सर नाही. पुढची तपासणी सात वर्षांनी.

मग सरकार बोलवत का नाही?

तीस वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तीन कॅन्सर आहेत : तोंड, स्तन, गर्भाशयमुख. आतडं नाही. याला कारण आहे. २०२२ च्या अंदाजानुसार जगात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण सापडले. त्यात भारतातले ७० हजारांच्या आसपास. आपली लोकसंख्या पाहता हा वाटा लहान आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालते, तिथंही हा कॅन्सर कमीच दिसत आला. जिथं रोग कमी, तिथं सरसकट सगळ्यांच्या हाती डबी देण्यापेक्षा आहे ती ताकद मोठ्या शत्रूवर लावावी, हा हिशोब चुकीचा नाही.

आणि तपासणी आपल्या मातीत रुजत नाही असंही नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शी आणि टाटा रुग्णालयाच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे २००९ मध्ये जगानं वाचलं.

तेव्हा पाकिटाची वाट न पाहता हिशोब आपणच करायचा. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, डॉक्टरांना भेटावं आणि थेट दुर्बिणीचं विचारावं. घराण्यात कुणी नसेल तर पन्नाशीनंतर डबीची तपासणी करून घेणं शहाणपणाचं, आणि एकदा निगेटिव्ह आली म्हणजे जन्माची सुटका झाली असं न समजता ठरावीक वर्षांनी पुन्हा. पण डोळ्यांना रक्त दिसत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, विनाकारण वजन उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी होत चाललं असेल, तर डबीच्या नादी लागू नये. ही तपासणी काही होत नसलेल्यांसाठी आहे. ज्यांना काही होतंय त्यांनी थेट डॉक्टरांपुढे बसावं, वय तीस असलं तरी.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ही गॅलरीत उभी राहून भडगावला फोन लावत होती. खाली शेजारच्या काकू तुळशीला दिवा लावत होत्या. मी हातानं खूण केली, आवाज जरा हळू. तिनं पाठ फिरवली.

“ताई, शौचावाटे रक्त अजून जातं ना तुझं? ... हो, शौचावाटेच म्हणतेय. ताक पीत राहा तू, माझं काही म्हणणं नाही. पण सोमवारी सकाळच्या गाडीनं मी तुला जळगावला दाखवायला नेतेय.”

पुढच्या आठवड्यात : ऐकू कमी येतंय, की ऐकायचं नाहीये?