शंभर तासांचा वर्ग

विमा कंपन्यांत 100 टक्के परकी भांडवलाला परवानगी देण्याची घोषणा फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पात झाली आणि तेव्हापासून या धंद्याबद्दल भरभरून छापून येतंय. आधी 26 टक्के, मग 49, मग 74, आता 100. ही चढण तोंडपाठ असलेल्या एकाही लेखात मला विमा विकणाऱ्या, प्रस्ताव तपासणाऱ्या किंवा दावे निकाली काढणाऱ्या माणसाच्या शिक्षणाबद्दल चार ओळी सापडल्या नाहीत. मला याचा राग येतो. खासगी कंपन्यांना दार उघडून 25 वर्षं झाली आणि या काळात सगळ्यात जास्त आबाळ झाली ती याच शिक्षणाची.

त्याआधीचा इतिहास दर विमा सप्ताहात सांगितला जातो. जानेवारी 1956मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून केलेली राष्ट्रीयीकरणाची घोषणा, 245 विमा संस्था एकत्र करून 1 सप्टेंबरला उभं राहिलेलं आयुर्विमा महामंडळ, त्यात सामावून गेलेली साताऱ्याची वेस्टर्न इंडिया. मी महामंडळात सहायक म्हणून लागले ती ऐंशीच्या दशकात. वर्षं संथ होती, बढती ज्येष्ठतेने मिळायची. पण शिकायची वाट पक्की होती. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षा असत: लायसेन्शिएट, असोसिएटशिप, फेलोशिप. पास झालं की पगारवाढ मिळे आणि शाखेत शब्दाला वजन येई. शिवाय टेबलं बदलत. मृत्युदाव्यांच्या टेबलावर काम केलेला माणूस पुढे नवे प्रस्ताव तपासायला बसला, की कुठली लपवलेली मधुमेहाची गोळी उद्या एखाद्या विधवेचा दावा अडवणार आहे, हे त्याला अर्ज बघताच कळायचं.

ऑक्टोबर 2000मध्ये पहिले खासगी परवाने निघाले. नव्या नियामकाने एजंट होण्यासाठी 100 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. हा नियम मला इतका पटला, की त्याच्याच भरवशावर मी एका खासगी कंपनीत प्रशिक्षक म्हणून गेले.

कऱ्हाडच्या त्या वर्गात एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते, पतपेढीचे पिग्मी एजंट होते, बचत गट चालवणाऱ्या बायका होत्या. कोरे प्रस्ताव-अर्ज वाटून मी त्यांना एकमेकांची माहिती भरायला लावायची. आजारांच्या रकान्यांत सगळे खाली खाली ‘नाही, नाही, नाही’ लिहीत सुटायचे. मग प्रत्येक ‘नाही’पाशी थांबवून मी विचारायची, तुम्ही शेजाऱ्याला हा प्रश्न खरंच विचारलात का? विमा कायद्याचं कलम 45 तिथूनच शिकवायला घ्यायचं. पहिल्या दोन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी काय काय उकरून काढू शकते, हे तेव्हाच्या कायद्याप्रमाणे समजावायला अख्खी दुपार जायची. पाटणकडच्या एका बाईंनी विचारलं, “मॅडम, नॉमिनी म्हणून दीर लावला तर पैसे दिराचेच का हो?” सर्वोच्च न्यायालयाने 1983मध्ये सर्बती देवी खटल्यात सांगितलं होतं, की नॉमिनीने पैसे फक्त स्वीकारायचे, हक्क वारसांचाच. हे ऐकून त्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पुढे त्यांच्या गावात पॉलिसीवर सही करण्याआधी बायका त्यांना विचारायला येऊ लागल्या. विम्यातलं करिअर म्हणतात ते मला तिथे दिसलं.

मग युलिपची, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसींची, लाट आली. शेअर बाजार चढत होता आणि ‘तीन वर्षं भरा, मग विसरा’ एवढंच सांगून पॉलिसी खपत होती. आमच्या डोक्यावर साबण-शाम्पू विकून आलेले मॅनेजर बसले. मार्चअखेर जवळ आला की वर्ग त्यांना अडचण वाटे. न आलेल्या उमेदवारांच्या सह्या हजेरीपटावर करून घ्या, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी नकार दिला, तेव्हा माझे वर्ग काढून घेतले गेले. नंतर नियमच सैल झाला आणि 100 तासांचे 50 झाले. 2008ला बाजार कोसळला. एप्रिल 2010मध्ये सेबीने 14 कंपन्यांच्या युलिपवर बंदी घातली, त्यावरून सेबी आणि विमा नियामक यांच्यात जुंपली आणि 1 सप्टेंबरपासून युलिपचे नियम कडक झाले. शाखांना कुलपं लागली. ज्या पोरांना टार्गेटखेरीज काही शिकवलंच नव्हतं, ती रस्त्यावर आली. त्यांच्या नोकऱ्या गेल्या याचा दोष मी आजही त्या मॅनेजर मंडळींनाच देते.

2015मध्ये ‘पॉइंट ऑफ सेल’ विक्रेत्यांसाठी 15 तास पुरेसे ठरले. ऑक्टोबर 2024पासून पॉलिसी लवकर सोडणाऱ्याला जास्त पैसे मिळू लागले, ते ग्राहकाच्या हिताचंच झालं. पण त्याचा भार बऱ्याच ठिकाणी एजंटाच्या पहिल्या वर्षाच्या कमिशनवर टाकला गेला, आणि मन लावून काम करणारा म्हातारा एजंटही त्यात भरडला गेला. 13व्या महिन्याला किती पॉलिसी टिकल्या याचे तक्ते कंपन्या छापतात. ती पॉलिसी विकणारा पोरगा तेव्हा कुठे असतो? त्याने सोडून दिलेल्या ग्राहकांच्या पॉलिसींना धंद्यात सरळ ‘ऑर्फन’ म्हणतात.

ओळखीतली मुलं अजून विचारायला येतात. मी त्यांना सांगते, दावे विभागात जागा असेल तर कमी पगारावरही घ्या, आणि पहिल्याच वर्षी लायसेन्शिएटला बसा. पण बहुतेकांना मुलाखतीत एकच गोष्ट मागितलेली असते: नातेवाइकांची आणि मित्रांची यादी, फोन नंबरांसकट.